नियमावर बोट ठेवून : ‘वर्क टू रूल’विषयी वाचकांचे प्रश्न

कामकाजाच्या इंग्रजीतील एकाच वाक्प्रयोगाविषयी गेल्या काही आठवड्यांत निरनिराळ्या ठिकाणांहून पत्रे आली. प्रत्येकाची अडचण वेगळी असली तरी मूळ एकच असल्यामुळे या वेळी सदराची सर्व जागा त्यालाच दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : लोकल गाड्या रखडल्या की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कधीकधी ‘मोटरमनचे वर्क टू रूल’ असे वाचायला मिळते. शब्दशः पाहिले तर त्याचा अर्थ ‘नियमानुसार काम’ एवढाच होतो. नियमानुसार काम झाले तर गाड्या उलट वेळेवर धावायला हव्यात. मग याला आंदोलन का म्हणतात, आणि गाड्यांना उशीर का होतो? (डोंबिवली)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि या वाक्प्रयोगाची खोच नेमकी तिथेच आहे. ‘वर्क टू रूल’ म्हणजे नुसते नियम पाळून काम करणे नव्हे. एखादी मागणी मान्य करून घेण्यासाठी, सर्वांनी मिळून आणि तसे जाहीर करून, नियमात लिहिले आहे तेवढेच आणि लिहिले आहे अगदी तसेच काम करायचे, जेणेकरून काम मंदावेल परंतु कोणी काम नाकारले असे म्हणता येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. संपात कामगार कामावर येत नाही, त्यामुळे त्याचा पगार कापला जातो आणि पुढे कारवाईही होऊ शकते. येथे तो वेळेवर येतो, हजेरीपटावर सही करतो, नेमून दिलेल्या जागी उभा राहतो आणि वरिष्ठाने विचारलेच तर नियमपुस्तक उघडून दाखवतो. मराठीत ‘नियमावर बोट ठेवणे’ म्हणतात त्यात आडमुठेपणाची जी छटा आहे, तीच येथे हत्यार म्हणून वापरलेली असते.

आता उशिराकडे वळू. रेल्वेच्या नियमपुस्तकात काही नियम वेळ मोजून दिलेले असतात. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर चालकाने गाडी थांबवावी, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे वाट पाहावी आणि मग अत्यंत सावधपणे पुढे जावे, असे भारतीय रेल्वेचे सामान्य नियम सांगतात. एक मिनिट म्हणजे एकच मिनिट, त्यात ताणायला वाव नाही. मात्र त्याच नियमातील ‘अत्यंत सावधपणे’ या शब्दांना घड्याळ लावता येत नाही. वेगाची कमाल मर्यादा नियम सांगतो, परंतु किमान किती वेगाने जावे हे सांगत नाही. गाडी सुटण्यापूर्वी ब्रेक नीट लागत असल्याची खात्री करून घ्यावी, असे लिहिलेले असते, परंतु खात्री पटायला किती वेळ लागावा हे लिहिलेले नसते. अनुभवी चालकाला ती खात्री हाताच्या सवयीने पटते. आंदोलनातील चालकाला ती पटायला वेळ लागतो, आणि त्याने घाई करावी असा आदेश लेखी देण्याची कोणत्याही अधिकाऱ्याची तयारी नसते, कारण उद्या अपघात झाला तर तो कागद पुढे येणार हे दोघांनाही ठाऊक असते.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वेळापत्रक हाही नियमच आहे. सुरक्षेचा नियम आणि वेळापत्रक या दोहोंची सांगड घालणे हेच रोजच्या कामातील कसब असते, आणि ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. ‘वर्क टू रूल’ करणारा कामगार ही सांगड घालण्याचे थांबवतो. त्याने एकही नियम मोडलेला नसतो, फक्त एका नियमाला दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरवलेले असते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी यावरून एक मोठा सिद्धान्तच मांडला. लेखी नियमांनी चालणारी प्रत्येक व्यवस्था प्रत्यक्षात नियमांत न लिहिलेल्या समजुतींवर आणि जुळवाजुळवीवर उभी असते, असे ते सांगत. त्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण पॅरिसच्या टॅक्सीचालकांचे होते. ते नाराज झाले की वाहतुकीचा प्रत्येक नियम तंतोतंत पाळू लागतात आणि शहराची वाहतूक ठप्प होते.

दुसरे कारण अधिक सरळ आहे. अनेक ठिकाणी मनुष्यबळ अपुरे असल्यामुळे कामाचे गणितच जादा कामावर बसवलेले असते. ऑगस्ट २०१८ मध्ये मध्य रेल्वेच्या मोटरमननी रिक्त पदांचा आणि कारवाईचा प्रश्न पुढे करून जादा काम नाकारले, तेव्हा लोकलच्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या होत्या. त्यांनी आपली ठरलेली ड्यूटी केली होती. ठरलेल्या ड्यूटीत वेळापत्रक भागत नाही, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली. इंग्रजीत काटेकोर बोलायचे तर याला ‘ओव्हरटाइम बॅन’ असे वेगळे नाव आहे, परंतु ही दोन्ही हत्यारे बहुधा एकत्रच उपसली जातात आणि वर्तमानपत्रे दोहोंना मिळून ‘वर्क टू रूल’ म्हणतात. त्याबद्दल वर्तमानपत्रांना फार दोष देण्याचे कारण नाही.

या प्रकाराचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण रेल्वेतील नसून विमानतळावरील आहे. अमेरिकेत १९६८ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांची ‘पॅटको’ ही संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या जुलैत तिने ‘ऑपरेशन एअर सेफ्टी’ जाहीर केले. दोन विमानांमध्ये नियमाने जेवढे अंतर राखायचे तेवढे राखायचेच, असे नियंत्रकांनी ठरवले. एरवी विमानांची गर्दी उपसण्यासाठी हे अंतर थोडेफार आक्रसत असे. ते नियमाप्रमाणे राखले जाताच न्यूयॉर्कच्या आकाशात विमाने घिरट्या घालू लागली आणि उशीर इतरत्र पसरत गेला. केंद्र सरकारच्या नोकरांना तेथे संपाची बंदी होती, आणि नियंत्रक तर सरकारनेच घालून दिलेले नियम पाळत होते, तेही विमानसुरक्षेच्या नावाने. त्यावर बोट कोण ठेवणार? याच संघटनेने १९८१ मध्ये उघड संप केला तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. संप आणि ‘वर्क टू रूल’ यांत कामगाराच्या दृष्टीने काय फरक आहे, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की समजते.

प्रश्न : मी कामगार कायद्याची विद्यार्थिनी आहे. नियम पाळणे हा अपराध कसा ठरू शकेल, असा प्रश्न आमच्या वर्गात निघाला. ‘वर्क टू रूल’ला कायदा संप मानतो का? (नाशिक)

उत्तर : या प्रश्नाचे गाजलेले उत्तर ब्रिटनमध्ये १९७२ साली दिले गेले. त्या वर्षी वेतनाच्या वाटाघाटी फिसकटल्यावर रेल्वेच्या तीन संघटनांनी ‘वर्क टू रूल’ सुरू केले आणि जादा काम व सुट्टीच्या दिवशीचे काम नाकारले. त्याआधीच्या वर्षी संमत झालेल्या औद्योगिक संबंध कायद्याचा आधार घेऊन सरकारने प्रथम आंदोलनाला काही दिवसांचा विराम द्यायला लावला, आणि नंतर कामगारांचे मतदान घेण्याचा आदेश मिळवला. संघटना अपील न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे तुमच्या वर्गासारखेच होते. नियमपुस्तक मालकाचे, ते आम्ही पाळतो, मग करारभंग कोठे झाला?

मास्टर ऑफ द रोल्स, म्हणजे त्या अपील न्यायालयाचे प्रमुख न्यायाधीश, असलेले लॉर्ड डेनिंग यांनी याला उत्तर देताना एक साधी कल्पना मांडली. समजा मी एका माणसाला स्टेशनवर गाडीने पोचवण्यासाठी नेमले. वेळ पुरेसा आहे हे जाणून मी त्याला घाई करायला सांगितले नाही. माझी गाडी चुकावी याच हेतूने तो मुद्दाम संथ चालला आणि माझी गाडी चुकली. कराराचे शब्द त्याने पाळले असतील, तरी त्याने करार मोडलाच आहे. डेनिंग यांनी हेही मान्य केले की करारापलीकडचे काही करण्याचे बंधन कामगारावर नाही, आणि त्याने आपला सद्भाव काढून घेतला तर त्यालाही हरकत नाही. मात्र मालकाचा व्यवहार विस्कटावा म्हणून त्याने जाणूनबुजून अडथळा आणता कामा नये. नियमपुस्तकातील नियम वाजवी अर्थाने आणि एकमेकांशी जुळवून वाचायचे असतात, हा त्यांच्या निकालातील दुसरा धागा. त्यांच्यासोबतचे न्यायमूर्ती बकले यांनी थोडी वेगळी वाट घेतली. नोकराने मालकाच्या व्यापारी हिताला पोषक असेच काम करावे, ही अट प्रत्येक नोकरीच्या करारात न लिहिता अंतर्भूत असते, असे त्यांनी म्हटले.

माझ्या मते या निकालातील मार्मिक भाग स्टेशनच्या दृष्टान्तापेक्षा ‘सद्भाव काढून घेण्या’ची मुभा हा आहे. सद्भाव काढून घेणे कोठे संपते आणि अडथळा कोठे सुरू होतो, ही रेषा हेतूवर अवलंबून ठेवलेली आहे आणि हेतू सिद्ध करणे हे कोणत्याही व्यवस्थापनाला जड जाते. संघटनेने आधी पत्रक काढून आंदोलन जाहीर केले असेल तर हेतूचा पुरावा तिनेच पुरवलेला असतो, हा या प्रकारातील जुना पेच आहे. न जाहीर करावे तर दबाव पडत नाही, आणि जाहीर करावे तर बचाव उरत नाही. १९७२ च्या कथेचा शेवटही लक्षात ठेवावा असा आहे. सरकारने न्यायालयात बाजी मारली, मतदान झाले आणि कामगारांनी प्रचंड बहुमताने संघटनांच्या बाजूने कौल दिला. तो कायदाही १९७४ मध्ये रद्द झाला.

आपल्याकडील स्थिती अशी आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील संपाच्या व्याख्येत काम थांबवणे किंवा संगनमताने काम करण्यास नकार देणे येत असे. ‘वर्क टू रूल’ शब्दशः पाहता त्यात बसत नव्हते, कारण काम चालूच असते. परंतु या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटनांना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंधक कायद्यातही, जाणूनबुजून केलेले ‘गो स्लो’, म्हणजे मुद्दाम संथ काम, ही कामगारांच्या बाजूची अनुचित प्रथा म्हणून नोंदवली गेली. तिच्या शेजारी ‘घेराव’ हा आपला शब्दही त्याच इंग्रजी मजकुरात बसला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये भारत शुगर मिल्सच्या खटल्यात ‘गो स्लो’विषयी फार कडक भाषा वापरली. अशा वेळी उत्पादन घटते, तरीही कामगार पूर्ण पगारावर हक्क सांगतो, आणि कमी वेगाने चालवल्यामुळे यंत्रांचेही नुकसान होऊ शकते, म्हणून न्यायालयाने ही प्रथा अतिशय घातक मानली.

अत्यावश्यक सेवांचा कायदा त्याच्याही पुढे जातो. १९८१ च्या केंद्रीय कायद्याने संपाची व्याख्या मुद्दाम रुंद केली होती. सेवा चालू ठेवण्यासाठी आवश्यक असलेले जादा काम नाकारणे हाही तीत संपच ठरवला होता, आणि ज्या वर्तनामुळे काम बरेच मंदावते किंवा मंदावण्याचा संभव असतो असे कोणतेही वर्तनही तीत घातले होते. ही शेवटची ओळ ‘वर्क टू रूल’ डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली असावी, असे ती वाचताना वाटते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर अर्धे किंवा त्याहून अधिक कामगार ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजेवर गेले तर तोही संप धरला आहे. सामूहिक रजेची वाट त्यामुळे बंद झाली. तुमच्या वर्गासाठी थोडक्यात उत्तर असे, की नियम पाळल्याबद्दल शिक्षा होत नाही. नियम पाळण्याच्या निमित्ताने काम अडवण्याचे संगनमत सिद्ध झाले तर होऊ शकते. परीक्षेत उत्तर लिहिताना या दोन वाक्यांतील अंतर दाखवावे, म्हणजे गुण मिळतील.

प्रश्न : आम्ही कॅनडातील ओंटारिओ प्रांतात राहतो. काही वर्षांपूर्वी मुलाच्या शाळेतून ‘शिक्षक वर्क टू रूलवर आहेत’ असे पत्र आले होते. वर्ग मात्र रोज भरत होते. माझ्या आईने भारतातून विचारले की संप आहे की नाही, आणि मला धड उत्तर देता आले नाही. (मिसिसॉगा)

उत्तर : शाळा चालू आणि संपही चालू, असे दोन्ही खरे होते. ओंटारिओच्या कामगार कायद्यात संपाच्या व्याख्येतच कामाची गती संगनमताने कमी करणे येते. त्यामुळे शिक्षकसंघटनेला ‘वर्क टू रूल’ सुरू करण्यापूर्वी संपासाठीचे कायदेशीर टप्पे पार पाडावे लागतात आणि पाच दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. आपल्याकडे ज्यातून पळवाट काढली जाते, ते तेथे चौकटीत बसवलेले पाऊल आहे. म्हणून पत्रही रीतसर आले.

शिक्षकांचे कराराने बांधलेले काम म्हणजे वर्गात शिकवणे. शाळा सुटल्यावर बास्केटबॉलचा सराव घेणे, वाद्यवृंदाच्या तालमी, सहली आणि नाटक यांतील बरेचसे शिक्षक स्वेच्छेने करतात आणि ‘वर्क टू रूल’मध्ये तेच सर्वप्रथम थांबते. २०१५ च्या वसंतात प्राथमिक शिक्षकांच्या आंदोलनात प्रगतिपुस्तकांवरील शेऱ्यांवर गदा आली होती, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये प्राथमिक व माध्यमिक अशा दोन्ही संघटनांनी एकाच दिवशी हे पाऊल उचलले होते. नेमके काय बंद ठेवायचे हे संघटना टप्प्याटप्प्याने ठरवते, त्यामुळे प्रत्येक वेळी यादी वेगळी असते. आईंना असे सांगता येईल की मास्तर शिकवत आहेत, परंतु घंटा झाली की निघून जात आहेत. ज्या पिढीने एस. एस. सी.च्या वर्षी शाळा सुटल्यानंतर फुकट जादा तास घेणारे शिक्षक पाहिले आहेत, त्या पिढीला हे लगेच समजेल.

प्रश्न : मी औषधनिर्मिती कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. परदेशी कंपनीसाठी अर्ज करताना शिस्त दाखवावी म्हणून मी ‘आय ऑलवेज वर्क टू रूल’ असे लिहिले. मुलाखत घेणारे गालातल्या गालात हसले. चूक काय झाली? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ‘मी कायम आंदोलनाच्या पवित्र्यात असतो’, असे आपण लिहून दिलेत. आपल्याला अभिप्रेत असलेल्या अर्थासाठी इंग्रजीत ‘बाय द बुक’ असा वाक्प्रयोग आहे. ‘ही डझ एव्हरीथिंग बाय द बुक’ म्हणजे तो प्रत्येक गोष्ट ठरवून दिलेल्या पद्धतीनेच करतो. त्यातही थोडी ताठरपणाची छटा आहे, पण औषधाच्या कारखान्यात ती गुणातच मोडते. अर्जात मात्र वाक्प्रयोगांच्या वाटेला न जाता कोणत्या कार्यपद्धती सांभाळल्या आणि कोणत्या तपासण्यांना सामोरे गेलात, हे सरळ लिहावे.

‘रूल’ हा शब्द येथे एकवचनी आणि उपपदाविना का येतो, असेही आपण पत्रात विचारले आहे. ‘मेड टू ऑर्डर’, ‘ड्रॉन टू स्केल’ यांतील ‘टू’ आणि हा ‘टू’ एकच. मराठीत त्याला ‘बरहुकूम’ हा नेमका जोड आहे. नाम म्हणून वापरताना मधे जोडरेघा देतात आणि क्रियापद म्हणून वापरताना देत नाहीत.

प्रश्न : ‘गो स्लो’, ‘वर्क टू रूल’ आणि हल्ली समाजमाध्यमांवर ऐकू येणारे ‘क्वाएट क्विटिंग’ ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत का? आपल्या ‘असहकार आंदोलना’ला यांपैकी काय म्हणावे? मराठी बातमीत कोणता शब्द वापरावा? (सोलापूर, एका स्थानिक वार्ताहराचे पत्र)

उत्तर : तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणे हे वार्ताहराचे कामच आहे.

‘गो स्लो’मध्ये नियमाचा आडोसा नसतो, काम सरळसरळ हळू केले जाते. याची ब्रिटिश गोदीतील कथा प्रसिद्ध आहे. १८८९ मध्ये ग्लासगोच्या गोदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. मालकांनी शेतमजूर आणून काम रेटले आणि संप फसला. कामावर परतताना संघटनेने सदस्यांना सांगितले, की या शेतमजुरांच्या कामावर मालक खूश होते ना, मग आता तुम्हीही त्यांच्यासारखेच काम करा. गोदीचे काम न येणारा माणूस जितका माल हलवील आणि जितका पाडील, तितकेच गोदीतील मुरलेल्या कामगारांनी करायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत वाढ मिळाली. स्कॉटिश बोलीतील ‘का कॅनी’, म्हणजे जरा जपून, हे नाव या पद्धतीला त्यानंतर चिकटले. बारावीच्या उत्तरपत्रिका दिवसाला एकच तपासण्याचा जो पवित्रा आपल्याकडील कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी असहकाराच्या नावाने घेतला होता, तो या जातीचा आहे. एका दिवसात एकच उत्तरपत्रिका तपासावी असा कोणताही नियम नाही.

‘क्वाएट क्विटिंग’ हा शब्द २०२२ मध्ये समाजमाध्यमांतून पसरला. यात नेमून दिलेल्या कामापलीकडे काही न करण्याचा निश्चय असतो, इतपत तो ‘वर्क टू रूल’सारखा दिसतो. परंतु तो एकट्याचा असतो, मुका असतो आणि त्यामागे मागणी नसते. संघटना, घोषणा आणि मागणी या तिन्ही गोष्टी वजा केल्यावर जे उरते ते दबावतंत्र नव्हे, तो माणसाचा स्वतःपुरता निर्णय झाला. त्याला आंदोलनाचे नाव देऊ नये. त्याचप्रमाणे, खिडकीवरचा कारकून एका झेरॉक्सच्या अभावी आपला अर्ज परत करतो तेव्हा तेही ‘वर्क टू रूल’ नव्हे, कारण त्याचे भांडण सरकारशी नसते आणि त्रास मात्र फक्त आपल्याला होतो.

यावर एक आक्षेप येईल. आंदोलनातही त्रास प्रवाशांना आणि पालकांनाच होतो, मग फरक काय राहिला? तो आक्षेप निराधार नाही. जपानमध्ये याचे टोक दिसले होते. तेथील राष्ट्रीय रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नव्हता, त्यामुळे ते वारंवार ‘जुन्पो तोसो’, म्हणजे कायदापालनाचा लढा, पुकारत. मार्च १९७३ मध्ये अशाच लढ्यामुळे गाड्या तुंबल्या आणि तोक्योच्या उत्तरेला सायतामा प्रांतातील आगेओ स्टेशनवर ताटकळलेल्या प्रवाशांनी दंगल केली. पुढच्याच महिन्यात तोक्यो परिसरातील अनेक स्टेशनांवर तशीच तोडफोड झाली. कायदा पाळला जात असताना प्रवाशांनी स्टेशने फोडली, हे वाचून प्रथम विचित्र वाटते. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात लोंबकळलेल्या माणसाला ते तितके विचित्र वाटणार नाही. फ्रेंचांनी या प्रकाराला ‘ग्रेव द्यु झेल’, म्हणजे उत्साहाचा संप, असे नाव दिले आहे आणि त्यातील उपरोध जपानी नावापेक्षा झोंबरा आहे.

आपल्याकडील ‘असहकार’ हा शब्द फार ऐसपैस आहे. काळ्या फिती लावून काम करण्यापासून बैठकांवर बहिष्कार टाकण्यापर्यंत सर्व काही त्यात मावते. म्हणून बातमीत केवळ ‘असहकार आंदोलन’ लिहून थांबू नये, प्रत्यक्षात काय थांबले ते लिहावे. तलाठ्यांचे उदाहरण घ्या. एका तलाठ्याकडे स्वतःच्या सज्जाशिवाय, म्हणजे नेमून दिलेल्या गावांशिवाय, रिक्त सज्जांचाही कार्यभार असतो. आंदोलनात ते त्या अतिरिक्त सज्जाचे दप्तर आणि कार्यालयाच्या चाव्या तहसीलदारांकडे जमा करतात आणि स्वतःच्या सज्जाचे काम चालू ठेवतात. त्या गावांतील शेतकऱ्याचा फेरफार अडतो, पण तलाठी गैरहजर नसतो. हे ‘वर्क टू रूल’च्या फार जवळचे आहे, किंबहुना मध्य रेल्वेच्या मोटरमननी नाकारलेल्या जादा कामाचेच महसुली रूप आहे. हेच तलाठी आपली डिजिटल स्वाक्षरीची साधने जमा करतात तेव्हा मात्र स्वतःच्या सज्जातीलही ऑनलाइन काम बंद पडते, आणि त्याला ‘काम बंद’ म्हणणेच योग्य ठरते. एकाच संघटनेच्या एकाच आंदोलनात सोमवारी पहिले आणि गुरुवारी दुसरे घडू शकते, तेव्हा रोज चौकशी करूनच शब्द निवडावा.

मराठी शब्दाबद्दल सांगायचे तर ‘नियमानुसार काम आंदोलन’ हा रूढ पर्याय ठीक आहे, मात्र ‘आंदोलन’ हा शब्द गाळू नये. ‘कर्मचाऱ्यांनी आजपासून नियमानुसार काम सुरू केले’ असे छापले तर कालपर्यंत ते नियमाविरुद्ध काम करत होते, असा अर्थ निघतो आणि संघटनेचा फोन आपल्यालाच येतो. ‘नियमावर बोट ठेवून काम’ हे मथळ्यासाठी अधिक सुटसुटीत आहे, पण त्यात टीकेची छटा येते, म्हणून ते बातमीपेक्षा अग्रलेखात शोभते. ‘वर्क टू रूल’ असे देवनागरीत तसेच ठेवायलाही हरकत नाही, कारण रेल्वे, बँक आणि विमा या क्षेत्रांतील मराठी कर्मचारी आपसांत तेच म्हणतात. अशा वेळी पहिल्या उल्लेखाबरोबर त्यांनी काय नाकारले आहे, ते एका वाक्यात द्यावे.